ळ

पणजीत, मळ्याच्या चढावर, एका जुन्या घराचं
दोन वर्षांपूर्वी संग्रहालय झालं.
मी तिथे चित्रांखालच्या पाट्या लिहिते.
चाळीस शब्दांत. त्यापुढे कुणी वाचत नाही.

या खेपेचं प्रदर्शन: अक्षर आणि रेघ.
तिसऱ्या खोलीत, काचेखाली,
एकाच कवितासंग्रहाच्या सात प्रती,
सातही एकाच पानावर उघड्या. पाटी अशी:

अनसूया वेर्लेकर, शिक्षिका, म्हापसा. एकमेव संग्रह.
छपाईच्या वेळी छापखान्यात ळ हा खिळा उपलब्ध नव्हता.
कवयित्रीने शब्द बदलायला नकार दिला.
तेव्हा फिदेलिस बार्बोझा यांनी प्रत्येक प्रतीतल्या
प्रत्येक रिकाम्या जागी तांबड्या मातीने चित्र काढले.
माध्यम: शाई, तांबडी माती, डिंक.
कुटुंबीयांच्या संग्रहातून साभार.

तीनशे प्रती होत्या.
गुणाकार मी केला, पण तो पाटीत बसला नाही.

हेही बसलं नाही, की फिदेलिस हळदोण्याचा,
त्याला देवनागरी येत नव्हती.
बाई ओळ वाचायच्या, तो ऐकायचा,
जीभ मागे वळून टाळूला कुठे टेकते
ते एकदा स्वतः करून बघायचा,
मग ब्रश बुडवायचा.
म्हणून पहिल्या प्रतीत ‘वे’नंतर कलंडलेली होडी आहे,
दुसरीत त्याच ‘वे’नंतर झोपलेलं मांजर,
आणि काळोखातल्या माशाला रीतसर काना-मात्रा.
शाळेची मुलं मोठ्यानं वाचतात, का-मासो-ख,
आणि हसून लोळतात.
पाचव्या प्रतीत नुसता अंगठ्याचा ठसा.

बुधवारी दुपारी एक म्हातारा आला.
शापोऱ्याचे सगुण केरकर, असं वहीत लिहिलं त्यांनी,
छापल्यासारख्या अक्षरात.
पाटी पूर्ण वाचली. चाळीसच्या चाळीस.
म्हणाले, “ही फट. खोटं आहे हे, बाय.
ळ होता. एकशे नऊ ळ होते.
खिळे मी जुळवायचो.”

भावाचं जाळं होतं. खालची वजनं तुटून गेलेली,
आणि यांच्या हातात दिवसभर शिसं.
रोज चार-चार, जेवणाच्या डब्यातून.
“पण ळच का?”
त्यांनी माझ्याकडे बघितलं,
नवख्या पोराकडे बघावं तसं.
“र नेला असता तर छापखानाच बंद पडला असता.
ळ रुंद. रुंद म्हणून जड.
क्ष त्याहून जड, पण क्ष होतेच सहा.”

“बाईंना ठाऊक होतं?”

पंखा फिरत राहिला.
“प्रूफ घेऊन गेलो. त्यांनी माझी बोटं बघितली,
दोरानं कापलेली.
मालकाला काही बोलल्या नाहीत.
म्हणाल्या, जागा सोड.
विचारलं, किती?
म्हणाल्या, त्याला लागते तेवढी.”

जाळं तिसऱ्या वर्षी खडकाला अडकून गेलं.
म्हणजे ते एकशे नऊ अजून असतील,
शापोऱ्याच्या मुखाशी, तळाला,
उलटे कोरलेले,
वरून मासे जात असतील, काना-मात्रेशिवाय.
हे मी म्हणाले नाही. मला पाट्या लिहायची सवय आहे,
काय सोडायचं ते कळतं.

जाताना ते पाचव्या प्रतीपाशी थांबले.
ठशाच्या नेमका वर, काचेवर,
अंगठा टेकवला, थोडा वेळ.
जुळला की नाही, मी बघितलं नाही.
हवेतली ओल मोजायचं यंत्र आहे कोपऱ्यात,
ते बघत राहिले. एकोणसत्तर.

पाटी बदलायला हवी. ‘उपलब्ध नव्हता’ हे दोन शब्द काढून
दुसरे दोन घालायचे आहेत.
शुक्रवारपर्यंत सुचले नाहीत.
संध्याकाळी काच पुसते मी, रोज, चारही कडांनी,
मधली एवढीशी जागा सोडून.